दोन खट मागे

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ही डायरी ऑइलवाल्या एजन्सीनं जानेवारीत दिली होती. अकरा महिने नटबोल्टच्या डब्याखाली दबून होती. आज काढली, कारण पान्याची मापं लिहून ठेवायची आहेत.

केळापूरचे बापूजी त्यांची हेराल्ड घेऊन आले. सन सहासष्टची गाडी. बापूजी कपाशीवाले, वय पंच्याहत्तर, आणि गाडीवर जीव असा की धुळीच्या दिवसांत तिच्यावर बायकोचं जुनं लुगडं टाकून ठेवतात. म्हणाले, "रहमतभाई, एकोणीस जानेवारीले लग्नाले पन्नास वर्षं होते. याच गाडीत विमलले मारेगाववरून आणलं होतं. याच गाडीत तिले माहेरी नेतो म्हणतो. नवे ब्रेक टाका. वाटेत उतार आहे, अन् मी काही आता जवान नाही."

या गाडीच्या मागच्या चाकांना आतल्या अंगानं एक चौकोनी खुंटी असते, करंगळीच्या नखाएवढी. ती फिरवली की ब्रेक जवळ येतो. साधा पाना लावला तर खुंटीचे कोपरे गोल होतात, मग बसा रडत. तिचा वेगळा पाना लागतो आणि तो पांढरकवड्यात काय, नागपुरातही कुणी ठेवत नाही. माझ्याकडे भीमसिंग उस्तादांनी दिलेला होता. आज त्याचं तोंड फाटलं. आता घरीच बनवावा लागणार.

काम तसं सोपं आहे. चाक जाम होईपर्यंत खुंटी कसायची, मग उलटी फिरवायची. आत खट वाजतं. पुन्हा खट. दोन झाले की थांबायचं. उस्ताद म्हणायचे, "एक खटनं चाक तापते, तीन खटनं माणूस जाते. ब्रेक कानानं बसवाचा असते, रहमत." चाळीस वर्षं मी कानानंच बसवतोय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पाना झाला. ट्रॅक्टरच्या तुटलेल्या कमानपाट्याचा तुकडा घेतला, लाल केला, चौकोनी पंच ठोकून तोंड पाडलं, मग पोलाद कडक व्हावं म्हणून तेलात बुडवून पाणी दिलं. लांबी नऊ इंच. थंडीत बोटं दुखतात म्हणून दांड्याला सायकलच्या ट्यूबचे चार वेढे मारले. नवे ब्रेक टाकून दोन्ही चाकं बसवली. खट, खट. एकदम बरोबर.

गंमत म्हणजे दुसरा खट झाला रे झाला की बिस्मिल्लाबी स्टीलचा ग्लास मडगार्डवर आपटते. "चाय." डोक्यापर्यंत पत्रा हादरतो. आधी ही दुकानात पाय ठेवायची नाही, ग्रीसचा वास येतो म्हणायची. आता वर्ष दीड वर्ष झालं, मी गाडीखाली गेलो की ही तिथे स्टूल टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसते. घरात करमत नाही म्हणते. काम संपायला आणि चहा यायला एकच गाठ. इतक्या वर्षांच्या संसाराचा एवढा फायदा झाला म्हणायचा.

आमच्या घरात निम्मी हिंदी, निम्मी मराठी चालते. भांडण मात्र अस्सल वऱ्हाडीत. आज झालं. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी मी गॅस बंद केला नाही, असं तिचं म्हणणं. एकही झाली नव्हती. शिट्टीच बिघडली आहे, उद्या नवी आणतो.

१ डिसेंबर, रविवार

नवी शिट्टीही बिघडलेली निघाली. हल्ली मालात दम नाही. मोबाइलचं तेच, रिंगच वाजत नाही. आणि लोकांना तर तोंड उघडून बोलायचा कंटाळा. बँकेतली पोरगी काचेच्या मागे पुटपुटत होती. मी म्हटलं, बाई, मोठ्यानं बोललीस तर पगार कापतील का?

एका विमलताईंचं बोलणं तेवढं खणखणीत. बापूजींच्या मंडळी. त्यांनी या बांधावरून हाक मारली की तिसऱ्या शेतातला बैल वळून बघतो.

५ डिसेंबर, गुरुवार

बिस्मिल्लाबी मारेगावला गेली. आमची शबाना तिथे दिलेली, दिवस भरत आलेत. डॉक्टरनं प्रवास नको सांगितला आणि तिला सासू नाही, म्हणून आईनंच जायचं. चाळीस दिवस झाल्याशिवाय येणार नाही.

बसमध्ये चढता चढता म्हणाली, "मी येईस्तोवर ब्रेकचं काम घेऊ नका. ऑइल बदला, प्लग साफ करा, काही बी करा. पण ब्रेक नको."

मला राग आला. म्हटलं, "काहून? तू कधीपासून मिस्त्री झाली?"

तिनं तोंड उघडलं, मिटलं, मग म्हणाली की लोणचं खालच्या बरणीत आहे. बस निघाली.

९ डिसेंबर, सोमवार

बापूजी आले. नवे ब्रेक थोडे घासून बसले की एकदा पुन्हा कसावे लागतात, म्हणून मीच बोलावलं होतं. बायकोचं ऐकून गिऱ्हाईक परत पाठवायला मी काय नवशिका आहे?

पण पाना बरोबर नाही. चाक जाम केलं, उलटं फिरवलं, खट नाही. अजून फिरवलं. नाहीच. आवाज गिळतो हा पाना. कमानपाट्याचं पोलाद ठोस, त्यात ट्यूब. उस्तादांचा पाना कसा गायचा. शेवटी अंदाजानं दोन खट धरले आणि गाडी दिली. पेडल दाबून पाहिलं, थोडं खोल वाटलं. बापूजींना म्हटलं, बसेल आपोआप.

ते असं म्हणायला नको होतं, असं आता जेवताना वाटतंय. भाकरी दोनदा खाली ठेवली.

१० डिसेंबर, मंगळवार

दुसरा पाना केला. याला पोलाद वेगळं, जुन्या पहारीचं. लांबी सात इंच. थंडी वाढली म्हणून ट्यूबचे वेढे सहा. एका भंगार गाडीच्या चाकावर लावून पाहिला. हाही मुका.

दिवसभर एका जागी बसवेना. तीनदा दुकान झाडलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बापूजींचा माणूस मोटरसायकलवर आला, चला म्हणाला. केळापूरला गेलो. रस्त्यावरून बापूजींच्या अंगणात उतार आहे. बापूजी गाडी आत घेत होते, बाजूच्या सीटवर विमलताई. ब्रेक दाबला तर पेडल तळाला टेकलं. गाडी तशीच खाली गेली आणि अंगणात यंदाच्या कापसाची गंजी होती तिच्यात घुसली. दिवे, नाक, बॉनेट सगळं कापसात. काचेवरसुद्धा कापूस. गंजीमागे दगडी भिंत आहे.

कुणाला खरचटलंही नाही. विमलताईंच्या केसांत सरकी अडकली होती, ती काढत म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात कापूस विकाले काढला होता यायनं. मीच म्हटलं, भाव येऊ द्या. नायतं आज आमचाच भाव झाला असता."

मी चाकं उघडली. दोन खट नव्हे, सहा सात खट मागे होतं. दोन्हीकडे. हे माझ्या हातचं काम. बापूजींनी मला पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर, शनिवार

दुकान उघडलं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

तिसरा पाना. पोलाद जीपच्या अॅक्सलचं, म्हणजे याहून चांगलं मिळणार नाही. ट्यूबचे वेढे तेच सहा. हेराल्ड ओढून दुकानात आणली आहे. विमलताई सोबत आल्या, बापूजींचा रक्तदाब वाढला म्हणून ते घरी.

मी गाडीखाली शिरून कान चाकाच्या ड्रमला लावून पाना फिरवला. काही नाही. बाहेर येऊन पाना फेकला. ताई म्हणाल्या, "आता काय झालं? वाजून तं राह्यलं खटखट. मले इथून आयकू येते."

मी म्हटलं, तो जॅकचा आवाज असेल. ताईंना शेतीतलं कळतं, दुकानातलं काय कळणार.

पाना उचलून आणला. त्याचं काही वाकडं झालं नव्हतं.

१८ डिसेंबर, बुधवार

नात झाली! गझाला. पहाटे झाली म्हणे, मोबाइलवर बारा फोन येऊन गेले होते. मिळेल ती बस धरून मारेगाव गाठलं.

इम्तियाज आमचा जावई, गुणी पोरगा. बाळाच्या कानात अजान द्यायचा मान त्यानं मला दिला. उजव्या कानाशी तोंड नेऊन मी मनापासून अजान दिली. बऱ्याच वर्षांत अशी लागली नव्हती. शबाना खाटेवरून हातानं खाली, खाली अशी खूण करत होती, मला वाटलं बाळाला खाली धर म्हणते. संपवून पाहतो तर शेजारचा म्हातारा टोपी घालून दारात उभा, नमाजची वेळ झाली का विचारत. सगळे हसले. बिस्मिल्लाबी मात्र रडत होती. आनंदाचंच असेल.

पोरगी फार शांत. एवढी अजान दिली तरी रडली नाही, नुसत्या मोठमोठ्या जांभया देत होती. तरी बायकांनी उगाच धावाधाव करून तिला माझ्या हातातून काढून घेतली. शबाना लहान असताना गल्ली डोक्यावर घ्यायची, ही आजोबावर गेली आहे.

बिस्मिल्लाबीला कापसाची गोष्ट सांगितली नाही. तरी तिनं विचारलंच, "ब्रेकचं काम घेतलं का?" मी म्हटलं, बस सुटेल.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज बाळाची छठी. पुन्हा मारेगाव. इथेच बसून लिहितोय, कारण घरी जाऊन लिहायला धीर होणार नाही.

बिस्मिल्लाबीनं माझे हात स्वतः साबणानं घासले, नखांतलं काळं काडीनं काढलं आणि गझालाला माझ्या मांडीवर पालथी घातली. मी पाठीवर तळवा ठेवला. एवढीशी पाठ, माझ्या हाताखाली पुरी झाकली. आणि ती पाठ थडथडत होती. आतून, जोरानं, थांबून थांबून. मी घाबरलो, वाटलं बाळाला काही होतंय. उलटी करून तोंड पाहिलं. लाल झालेलं, ओठ पसरलेले, डोळ्यांच्या कडांना पाणी. जांभई नव्हती ती.

मी शबानाला विचारलं, "ही रडून राह्यली का?"

शबानानं आईकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"जलमल्यापासून, अब्बा," ती म्हणाली. ओठांवरून कळलं.

नंतर बिस्मिल्लाबी मला अंगणात घेऊन गेली आणि माझ्या तोंडासमोर बसून सावकाश सगळं बोलली. दीड वर्षापूर्वी एका गिऱ्हाइकाचं चाक तापून धूर निघाला होता, तेव्हाच तिला कळलं. तेव्हापासून ती स्टूल टाकून बसते. दुसरा खट झाला की ग्लास आपटते. मला वाटायचं मी ऐकून थांबतो. मी तिच्या चहावर थांबत होतो.

मी तिला खूप बोललो. लोकांसमोर बोललो, त्याची लाज वाटते. म्हटलं, "मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं. तीनदा सांगतलं. तुम्ही शिट्टी बदलून आणली." मग म्हणाली, "जास्त सांगतलं असतं तं तुम्ही दुकान बंद करून खाटेवर बसले असते. मले तसा माणूस घरात नाही पाह्यजे होता."

मग मी कापसाची गोष्ट सांगितली. ती ऐकून तिनं पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही. म्हणाली, "तुमच्या रागाले भिऊन मी चूप राह्यली. त्यायचा जीव गेला असता तं तो माह्या माथी."

नाही. माझ्याच माथी.

२७ डिसेंबर, शुक्रवार

केळापूरला जाऊन बापूजींना खरं सांगितलं. वाटेत दोनदा परत फिरलो. एकदा तर निम्म्या रस्त्यातून.

ओसरीवर बसलो, म्हटलं, मला ऐकू येत नाही. बारीक आवाज येतच नाहीत. ते काम मी बहिऱ्या कानानं केलं होतं. बिस्मिल्लाबीच्या ग्लासाचंही सांगितलं.

विमलताई म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस भाभीच ब्रेक बसवत होत्या म्हना की!"

बापूजी हसले नाहीत. सुपारी गालात सरकवली. मग मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलले, जसं लोक आता माझ्याशी बोलतील. "राग नका मानू, रहमतभाई. मी गाडी नागपूरले नेतो. माह्या एकट्याचं असतं तं तुमच्याच हातची चालवली असती. पण बाजूले ही बसते."

यात राग कसला. मी मान हलवली, चप्पल घातली.

ताईंनी मला परत बसवलं. "अठरा तारखेपर्यंत गाडी मिस्त्रीजवळ राहू द्या. जमलं नाही तं आपण एसटीनं जाऊ. पन्नास वर्षं झाले, मी काही गाडीशी लगन नाही केलं." बापूजींनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नवी डायरी आली. जुन्यातली मापं उतरवली नाहीत, सगळी चुकीची होती.

गझालाच्या पाठीचंच डोक्यात आहे. तिचं रडणं तळव्याला कळलं ना? कानाला नाही कळलं तरी कळलं. मग खट का कळू नये? आत दात सरकतो, तो दांड्यातून हातापर्यंत येतच असणार. आला तरी मी दारं लावून बसलेलो. ट्यूबचे सहा वेढे! बोटं दुखतात म्हणून मीच गुंडाळले आणि दोष पोलादाला दिला. तिसऱ्या पान्याची ट्यूब ब्लेडनं कापून काढली. उघड्या दांड्यावर काहीतरी लागलं, पण खात्री नाही. दांडा फार जाड आहे.

८ जानेवारी, बुधवार

पाचवा पाना. (चौथा पाणी देताना तडकला.) ट्रॅक्टरच्या जुन्या वाल्वचा दांडा, पेन्सिलीइतका बारीक. लांबी पाच इंच. पाणी देऊन पुन्हा हलका तापवला, गव्हाच्या काडीचा रंग आला तिथे थांबवला. वर काही गुंडाळायचं नाही. मुठीत धरायचा नाही, दोन बोटं आणि अंगठा.

बोटांची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली आहे, म्हणून पाय घासायच्या दगडानं तीन दिवस घासली. काम करण्याआधी भट्टीवर हात शेकतो.

विमलताई रोज येतात. स्टुलावर बसून ऐकतात आणि खट झाला की खडूनं फरशीवर रेघ मारतात. मी गाडीखालून मोठ्यानं आकडा सांगतो. आज वीस वेळा केलं, तेरा जुळले. तेरा म्हणजे सात वेळा कुणीतरी भिंतीवर. ताई म्हणाल्या, "घरी चला आता, जेवाले." मी म्हटलं, अजून वीस.

१४ जानेवारी, मंगळवार

वीसपैकी वीस. पुन्हा वीस. पुन्हा वीस. मग ताईंनी मुद्दाम रेघा लपवल्या, तरी वीस. ताईंनी मला तिळाचा लाडू दिला आणि दुसरा माझ्या खिशात कोंबला, ग्रीससकट. गोड बोला म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही मोठ्यानं बोला म्हणजे झालं.

तरी चैन नाही. एकदा चुकलं की जन्मभर बोटांवर संशय येतो, कानांवर कधी आला नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार

बापूजी आले. गाडी केळापूरला नेली आणि त्यांच्या अंगणातल्या त्या उतारावरून मीच खाली उतरवली, मीच चालवतो म्हटलं. कापूस विकला गेला आहे, भिंत उघडी आहे. भिंतीपासून दोन हातांवर ब्रेक दाबला. पेडल दोन बोटं खाली गेलं आणि गाडी उभी राहिली. पाच वेळा केलं. बापूजी गुपचूप भिंतीजवळ जाऊन उभे होते, ते मला पाचव्यांदा दिसलं.

मी काच खाली करून ओरडलो, "तिथून हटा नं बापूजी!"

"काहून?" ते म्हणाले. "उद्या तं बसाचंच आहे."

१९ जानेवारी, रविवार

मारेगाव. नवराबायको पुढे, मी मागे, पायाशी पान्यांची पेटी. विमलताईंनी हिरवी पैठणी नेसली होती. उतार आला तेव्हा मी सीटची कड धरली. बापूजींनी ब्रेक दाबला, गाडी नीट मंदावली, ताई बाहेर बघत कुणाच्या तरी कपाशीला नावं ठेवत होत्या. त्यांना कळलंही नाही की उतार होता. मला मात्र रडू आलं आणि डोळे मी गमछ्यानं पुसले.

ताईंच्या माहेरी जाण्याआधी बापूजींनी गाडी शबानाच्या दारात थांबवली. नवे ब्रेक पहिल्या लांब पल्ल्यानंतर एकदा बघावे लागतात, म्हणून तिथेच जॅक लावला. बिस्मिल्लाबी गझालाला शबानाकडे देऊन बाहेर आली. हातात स्टीलचा ग्लास. येऊन मडगार्डजवळ उभी राहिली. गाडीखालून मला तिचे पाय आणि ग्लासाचा तळ दिसत होता.

चाक जाम केलं. पाना उलटा फिरवला. बोटांच्या टोकाला मुंगी चावल्यासारखं झालं. एक. अजून फिरवला.

"दोन!" मी ओरडलो आणि हात काढला.

ग्लास खाली येता येता अर्ध्यात थांबला. बराच वेळ तसाच हवेत होता. तिचे पाय जागचे हलले नाहीत.

मग तिनं तो मडगार्डवर आपटलाच. पत्रा माझ्या डोक्यापर्यंत हादरला.

"चाय," ती म्हणाली.